खडूचं पाचवं वर्तुळ

आमची गाडी बायको चालवते. मी शेजारी बसतो आणि माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत राहतो. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण ते मला कसं मिळालं याचं परीक्षकालाही पुढे आश्चर्य वाटलं असेल. तेव्हा गाडीविषयी लिहिण्याचा मला तसा अधिकार नाही. पण ही गोष्ट गाडीपेक्षा माझ्या शहाणपणाची आहे, आणि त्याची फजिती मी फार जवळून पाहिलेली आहे.

गाडी सतरा वर्षांची. या सतरा वर्षांत तिला एकाच माणसाचा हात लागला होता. त्याला आम्ही दादा म्हणायचो. मागे दादाने गॅरेजला कुलूप लावलं आणि तो लेकीकडे राहायला गेला. निरोप घ्यायला आला तेव्हा बायकोने विचारलं, "दादा, आता आम्ही कुणाचं दार ठोठावायचं?"

"सगळेच चांगले असतात हो वहिनी," दादा म्हणाला, "बॉनेट उघडेपर्यंत."

त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. मुलगा दुसऱ्या शहरात राहतो आणि फोनवर तो आमचे वडील असल्यासारखा बोलतो.

"आई, अठरा दिवसांनी गाडीची तपासणी आहे ना? आत्ताच सांगून ठेवतोय. पहिल्या फेरीत पास झाली तर ठीक. एक जरी खोट निघाली तर गाडी भंगारात, आणि तुझं चालवणं बंद."

"आणि पास झाली तर?"

"तर मी परत हा विषय काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

"अहो, ऐकलंत ना? साक्षीदार आहात तुम्ही," फोन ठेवताना ती म्हणाली. मी मान हलवली. मला साक्षीदार व्हायचीही धास्ती वाटते.

बाहेरच्या माणसाला हा आई-मुलाचा हट्ट वाटेल. पण दर गुरुवारी बायको टेकडीपलीकडे तिच्या थोरल्या बहिणीकडे जाते. ताई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. तिकडे बस जात नाही, आणि भाड्याची गाडी करून जाणं बायकोला पटत नाही. म्हणते, बाहेर मीटर पळत असताना बहिणीशी काय बोलायचं? फाटकाशी पोचली की ती दोनदा हॉर्न वाजवते आणि ताई आतून ओरडतात, "उशीर केलास!" उशीर कधीच झालेला नसतो. पण त्या बाईचा अख्खा आठवडा या दोन हॉर्नांवर टांगलेला आहे.

"तर आता तुमचं काम," बायको म्हणाली. "तुम्ही जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात. आता असा एक माणूस काढा, ज्याला चुका काढता येतात आणि घालता येत नाहीत."

मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. एकतीस वर्षं मुद्रितं वाचली. आमच्या मॅनेजरची नवा माणूस निवडण्याची एक पद्धत होती. तो एका पानात स्वतःच्या हाताने सात चुका पेरायचा आणि ते पान उमेदवारापुढे ठेवायचा. पाचच सापडल्या तर माणूस घरी. पण कुणी नऊ काढल्या तर तो त्याला आणखी लवकर घरी पाठवायचा. म्हणायचा, "चूक सोडणारा परवडला. नसलेली चूक काढणारा लेखकाचा जीव घेतो."

मला गाडीतलं काही कळत नाही, पण एवढं कळत होतं. मी ठरवलं, गाडीत चुका पेरायच्या.

बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि ती हसली की माझा कुठलाही बेत उभा राहत नाही. दुपारी तिचा डोळा लागल्यावर मी पेचकस घेऊन बाहेर गेलो. कुणाच्या जिवावर बेतेल असं काही करायचं नाही, हा नियम स्वतःला घालून घेतला होता. आधी नंबर प्लेटवरचा चिमुकला दिवा काढला, त्यावरची काच धूळ होती म्हणून पुसली आणि स्क्रू पुन्हा घट्ट बसवले. दिवा चष्म्याच्या डबीत ठेवला. मग मागच्या चाकाच्या टोपीत बोराएवढा खडा टाकला. शेवटी बॉनेट उघडून, काचेवर पाणी उडवणारी बारीक नळी तिच्या तोटीवरून ओढून काढली. तिन्ही चुका वहीत तारीख-वेळेसह टिपून ठेवल्या. माझ्या स्मरणशक्तीवरही माझा भरवसा नाही.

पहिला माणूस मोठ्या रस्त्यावरचा. त्याला मी मनात गोडबोल्या म्हणतो. मी तिथवर गाडी नेली ती गुडघे स्टिअरिंगला घासत, कारण सीट बायकोच्या उंचीला लावलेली असते आणि ती मागे सरकवायची माझी छाती होत नाही.

"या काका, या! अहो, गाडी आहे की राजा आहे!" गोडबोल्या म्हणाला. त्याने राजाला अंगणात दोन चकरा मारायला लावल्या. मागच्या चाकातून खडखड असा आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू जात होता. त्या आवाजाच्या वर आवाज चढवून तो मला सांगत होता, "काका, वाईट वाटून घेऊ नका. गिअरबॉक्स संपलाय. रेडिएटर शेवटच्या घटका मोजतोय." अशा अकरा गोष्टी त्याने मोजल्या. त्यात माझी एकही नव्हती. "गाडी इथेच ठेवा. चार दिवसांत नवरीसारखी सजवून देतो."

मी "घरी विचारून सांगतो" म्हणालो. हे वाक्य मला फार उपयोगी पडतं.

"काय म्हणाला?" बायकोने विचारलं. मी यादी वाचली.

"बॉनेटखाली काही नाही म्हणाला?"

"रेडिएटर म्हणाला."

"आणखी काही?"

"नाही."

"हं," ती म्हणाली आणि पुन्हा शब्दकोड्यात गेली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

दुसरी जागा काचेची होती. आत सोफे होते, मासे पोहत होते, आणि कुणाच्याही नखाला काळं लागलेलं नव्हतं. अर्ध्या तासाने एका मुलीने मला छापील कागद दिला. पन्नास मुद्दे, पन्नास हिरव्या खुणा. बत्तिसाव्या ओळीत लिहिलं होतं: नंबर प्लेटचा दिवा, उत्तम. दिवा तेव्हा माझ्या खिशात, चष्म्याच्या डबीत होता. मी डबी चाचपून खात्री करून घेतली. न जाणो, माझंच चुकत असेल.

"सर, गाडी इथेच ठेवून गेलात तर आतून वाफेने स्वच्छ करून देऊ," मुलगी म्हणाली.

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो.

घरी गेल्यावर बायकोने तो कागद भिंगाखाली धरून वाचला. "बॉनेटखालीसुद्धा सगळं उत्तम?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती पुन्हा "हं" म्हणाली.

तिसऱ्याचं नाव पोस्टमनने सुचवलं. लाकडाच्या वखारीमागे एक जण आहे, त्याला सगळे मौनी म्हणतात. "तो बोलत नाही," पोस्टमन म्हणाला. "तुम्हीही बोलू नका. त्याला गाडीचं ऐकायचं असतं."

हे मला फार आवडलं. न बोलता व्यवहार होत असेल तर मी कुठेही जायला तयार असतो.

मौनी पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला आणि कानावर पांढरा खडू. त्याने मला उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसायची खूण केली. गाडी चालू केली आणि डोळे मिटून नुसता उभा राहिला. मग बंद केली, फिरला, वाकला, एका जुन्या दाराच्या फळीवर आडवा होऊन गाडीखाली सरकला. तासाभरात तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. फक्त अधूनमधून कानावरचा खडू काढायचा आणि गाडीवर कुठेतरी वर्तुळ करायचा.

संपल्यावर त्याने हाताने खूण केली: जाऊन बघा. हीच त्याची पद्धत. यादी नाही, भाषण नाही. मालकाने स्वतः गाडीभोवती फिरायचं आणि वर्तुळं पाहायची. भिंतीवर खडूनेच लिहिलेलं होतं: 'एकेरी म्हणजे चालेल, लक्ष ठेवा. दुहेरी म्हणजे जागची हलवू नका.'

मी फिरलो आणि हरखून गेलो. समासात खुणा केलेलं मुद्रित मी कितीतरी वर्षांनी पाहत होतो. नंबर प्लेटपाशी वर्तुळ. मागच्या चाकाच्या टोपीवर वर्तुळ. बॉनेटखाली पाण्याच्या नळीपाशी वर्तुळ. तीनच्या तीन! मी त्याला मिठी मारणार होतो. मारली नसती, पण विचार आला होता.

मग चौथं दिसलं. बॉनेटखालीच, हवेच्या जाड नळीला आवळणारी एक क्लिप असते, तिच्याशी. आणि पाचवं पुढच्या चाकाच्या वर, मडगार्डवर. ते दुहेरी होतं.

मी वही काढली. वहीत तीनच होत्या. मला मॅनेजर आठवला. नसलेली चूक काढणारा लेखकाचा जीव घेतो.

"हे इथे काय आहे?" मी दुहेरी वर्तुळाकडे बोट दाखवलं.

"ब्रेकची नळी," मौनी म्हणाला. त्याचा आवाज गंजलेला होता.

"तिथे काही नाहीये."

"कशावरून?"

आता याला काय उत्तर देणार? मी पेरलेलं नाही, म्हणून नाही? मी खिशातून रुमाल काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर ठामपणे वागलो. दोन्ही जादा वर्तुळं मी पुसून टाकली.

मौनी माझ्या रुमालाकडे बघत राहिला. "गाडी इथेच ठेवा," तो म्हणाला.

झालं. तिघेही शेवटी त्याच वाक्यावर आले. "घरी विचारून सांगतो," मी म्हणालो आणि गाडी बाहेर काढली.

पहिल्या वळणावर आरशात पाहिलं तर मागे स्कूटर. तिच्यावर मौनी.

वर्तुळं पुसली म्हणून माणूस पाठलाग करतो? मी वेग कमी केला. त्याने कमी केला. मी चौकात थांबलो. तो मागे थांबला. मी बैलाच्या चालीने घरापर्यंत आलो, आणि शेजारून एक बाई पिशव्या घेऊन माझ्या पुढे निघून गेल्या. फाटकाशी गाडी लावून मी घाईघाईने आत शिरलो आणि पडद्याआडून पाहिलं. मौनीने गाडीकडे एकदा पाहिलं, स्कूटर वळवली आणि गेला.

बायको चहा गाळत होती. मी तिला सगळं सांगितलं. माझ्या तीन चुकाही सांगाव्याच लागल्या. अपेक्षेप्रमाणे ती हसली.

"म्हणजे रोज दुपारी तुम्ही वाचनालयात जायच्याऐवजी हे उद्योग करत होतात?"

"एकाच दुपारी. पण मुद्दा तो नाही. तीन पेरल्या आणि त्याने पाच काढल्या. दोन बनावट."

"कुठल्या दोन?"

"एक पुढच्या चाकाशी. आणि एक बॉनेटखाली, हवेच्या जाड नळीच्या क्लिपपाशी."

तिने गाळणं खाली ठेवलं. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. मग तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "ती माझी."

"तुझी म्हणजे?"

"मीच सैल केली होती. दादाचं काम बघत बघत एवढं येतं मला. तुम्ही पहिल्यांदा गाडी न्यायच्या आदल्या दिवशी. म्हटलं, बघू तरी, तुम्ही शोधलेले लोक किती पाण्यात आहेत."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत?"

मी चहाचा कप उचलला. ती बोटांवर मोजत होती. "थांबा. मग पाचवी तुमची."

"माझ्या तीनच. वही आहे."

"दाखवा वही." तिने वही पाहिली, पान उलटूनही पाहिलं. "अहो, खरं सांगा. पुढच्या चाकाला हात लावलात का?"

"तुझी शपथ, नाही."

"माझी नको. तुमच्या जाड शब्दकोशाची घ्या."

मी खरंच शब्दकोशावर हात ठेवला. मग मी तिच्याकडे संशयाने पाहिलं आणि ती माझ्याकडे. बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना इतकं निरखून कधी पाहिलं नसेल. दोघंही खरं बोलत होतो.

"तो तुमच्या मागे आला?" तिने हळू विचारलं. "फाटकापर्यंत? आणि काही न बोलता परत गेला?"

"मारायला आला असेल."

"मारायला आलेला माणूस फाटकावरून परत जात नाही." तिने वही मिटली. "तुम्हाला छापखान्यात नोकरी कशी लागली होती हो?"

हा प्रश्न मला नको होता. ती गोष्ट मी विसरलो नव्हतो, सोयीने बाजूला ठेवली होती. मॅनेजरने मला दिलेल्या पानात मी सात नाही, आठ चुका काढल्या होत्या. तो हसून पान फाडणार, एवढ्यात मी घाबरत घाबरत बोट ठेवलं. आठवी त्याची स्वतःची होती. पेरलेली नव्हती, उगवलेली होती. त्या एका चुकीवर मी एकतीस वर्षं जेवलो.

"चला बाहेर," बायको म्हणाली. "माझे गुडघे वाकत नाहीत. तुम्ही झोपा खाली."

सतरा वर्षांत पहिल्यांदा मी आमच्या गाडीखाली डोकं घातलं. बायकोने वरून सांगितलं, चाकाच्या आतल्या बाजूला रबरी नळी आहे, तिच्यावरून बोट फिरवा. फिरवलं. नळीला उकललेल्या ओठासारखी भेग होती. बोट ओलं झालं.

मी बाहेर येऊन बोट तिला दाखवलं. तिने वास घेतला. ती पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. टेकडीच्या पलीकडचा उतार दीड मैलांचा आहे.

थोड्या वेळाने तिने ताईंना फोन केला. "उद्या नाही जमत गं. नाही, मी बरी आहे. गाडीचं जरा काम आहे." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "काहीच नाही बोलली. ओरडलीसुद्धा नाही." ताई ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी मी वखारीमागे चालत गेलो. रस्ताभर माफीची वाक्यं जुळवत होतो. चार मसुदे झाले. एकही धड नव्हता. मौनी एका इंजिनवर वाकला होता. मी खिशातला रुमाल काढून त्याच्यापुढे धरला. त्यावर खडूचे दोन पांढरे डाग तसेच होते.

"हे मी पुसायला नको होतं," मी म्हणालो.

त्याने रुमाल पाहिला. हात पुसले. "तीन तुमच्या," तो म्हणाला. "एक काकूंची. एक गाडीची."

मी खोक्यावर बसलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"दिवा चोरणारा काच पुसून ठेवत नाही."

"आणि बायकोचं?"

"सीट एवढी पुढे. तुमचे गुडघे स्टिअरिंगला. म्हणजे गाडी घरातलं दुसरंच कुणी चालवतं. क्लिप सैल केली ती दीडच आटे. जाणकाराचा हात."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"घरात कोण कुणाशी काय खेळतं, मी कशाला मध्ये पडू?"

"आणि स्कूटरवरून मागे का आलात?"

त्याने गळ्यातला चष्मा पुसला. "तुम्ही ऐकणाऱ्यातले नव्हतात. ब्रेक लागला नसता तर पुढे येऊन आडवी घातली असती."

"स्कूटर?"

"जुनी आहे," मौनी म्हणाला, आणि एवढं बोलून दमल्यासारखा पुन्हा इंजिनात शिरला.

नळी यायला दोन दिवस लागले. शनिवारी तो पिशवी घेऊन घरी आला. गाडी हलवू देईना. मी बॅटरी धरून उभा राहिलो आणि प्रकाश नेहमी चुकीच्या जागी पाडत होतो. बायको स्टुलावर बसून त्याला विचारत होती आणि तो, आश्चर्य म्हणजे, पूर्ण वाक्यांत उत्तरं देत होता. फुटलेली नळी बदलून झाल्यावर त्याने दुसऱ्या बाजूच्या पुढच्या चाकाचीही बदलली.

"दीड आटे कसे बरोबर ओळखलेत?" बायको विचारत होती.

"दोन असते तर शीळ वाजली असती, काकू."

"मी तेच म्हटलं! शीळ नको, नुसता श्वास लागल्यासारखा आवाज हवा."

"तसाच होता."

मी बॅटरीचा झोत आभाळाकडे नेला. दोघांच्या मध्ये मी नसलो तरी चाललं असतं.

जाताना मी विचारलं, "बाकीची वर्तुळं?"

"ज्याने पेरलं त्याने उपटायचं," मौनी म्हणाला. पिशवी उचलताना त्याने खडूचा एक तुकडा बायकोच्या हातावर ठेवला. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

बायकोने तिची क्लिप डोळे मिटून आवळली. मी माझा खडा काढला, पाण्याची नळी तोटीवर चढवली, दिवा चष्म्याच्या डबीतून काढून जागेवर बसवला. "लागला का?" मी आतून ओरडलो. "लागला!" ती मागून ओरडली.

सोमवारी तपासणी. लांबलचक पत्र्याची शेड, जमिनीवर पिवळ्या रेघा, गाड्यांची रांग. तपासनीस साहेबांच्या हातात पाटी, पाटीवर कागद, आणि चेहऱ्यावर सकाळपासूनचा कंटाळा. बायकोने गाडी फिरत्या रुळांवर चढवली, ब्रेक दाबला. काटा सरसर वर गेला.

"ब्रेक नव्यासारखे आहेत," साहेब म्हणाले.

बायकोने मानही हलवली नाही, पण तिचे कान खूश झालेले मला दिसले. हॉर्न, वायपर, पाणी, दिवे. सगळं झालं. साहेब मागे गेले आणि तिथेच थांबले.

"नंबर प्लेटचा दिवा नाही लागत."

बायको सीटवरच वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी पेन काढलं. एक खोट. मुलाचा शब्द. ताईंचं ते न ओरडणं. मी दार उघडून बाहेर पडलो. आयुष्यात कुठल्याही कचेरीत मी कुणाला अडवलेलं नाही.

"साहेब, ती चूक गाडीची नाही. माझी आहे."

"म्हणजे?"

"मीच काढला होता दिवा. मुद्दाम. मेकॅनिकची परीक्षा घ्यायला."

साहेबांचा कंटाळा पहिल्यांदाच हलला. "पास झाला?"

"तो झाला. मी नापास होतोय. पाच मिनिटं द्या, लिहू नका."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग घड्याळ. शेडच्या टोकाला चहावाला येत होता. "माझा चहा होईपर्यंत," ते म्हणाले. "कप खाली ठेवला की पेन उघडणार."

बायकोने खिडकीतून पेचकस पुढे केला. मी काच काढली, दिवा उपसला. त्याच्या बुडाशी हिरवट थर होता. मौनीने परवा अशाच एका जोडाला पॉलिश पेपर घासला होता, ते मी पाहिलं होतं. पॉलिश पेपर माझ्याकडे कुठून असणार? सदऱ्याच्या खिशात होतं फक्त खोडरबर. दोन रंगांचं, एक बाजू शाईसाठी खरखरीत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ते माझ्या खिशातून गेलेलं नाही.

मी दिव्याचं बूड खोडायला सुरुवात केली.

"लवकर!" बायको खिडकीतून म्हणाली. "तो बिस्किट बुडवतोय."

"थर निघत नाहीये."

"निघेल, जोरात घासा. दुसरं बिस्किट घेतलंय, देव पावला."

बूड पिवळं चमकायला लागलं. जागाही खरखरीत बाजूने पुसली, दिवा बसवला. बायकोने बटण दाबलं. माझ्या दोन्ही हातांच्या मध्ये एवढासा उजेड पडला. मी तो झाकून धरला, कुणी नेईल म्हणून.

साहेब कप घेऊनच आले. वाकून पाहिलं. "काय केलंत?"

"खोडलं," मी म्हणालो.

त्यांनी पाटीवरच्या कागदावर शिक्का मारला आणि ते बायकोला म्हणाले, "काकू, यांना गाडीपासून लांब ठेवा."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "एकही खोट नाही निघाली?"

"कागदावर एकही नाही," बायको म्हणाली. "साक्षीदाराला विचार."

मी फोनवर "हो" म्हणालो. खोटं नव्हतं. पण इतक्या भीत भीत म्हणालो की मुलाने तीनदा विचारलं.

गुरुवारी मी गाडीचं दार उघडलं तर माझ्या सीटच्या कापडावर, बरोबर मध्यभागी, खडूचं पांढरं वर्तुळ होतं.

"हे काय?"

"जिथे खोट तिथे खूण," बायको आरसा नीट करत म्हणाली. "नीट बघा. एकेरी आहे."

मी नीट पाहिलं. एकेरीच होतं. चालेल, लक्ष ठेवा. मी त्याच्यावर बसलो. टेकडीच्या उतारावर सवयीने माझा पाय जमिनीवर गेला; तिने खरा ब्रेक हलकेच दाबला आणि गाडी मांजरीसारखी हळू झाली. माझा पाय मी मागे घेतला.

फाटकाशी तिने दोनदा हॉर्न वाजवला.

"एक आठवडा उशीर केलास!" आतून ताई ओरडल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं खरं होतं.

बायकोने गाडी बंद केली आणि किल्ली हातात खेळवत माझ्याकडे वळली. "जा पुढे. सांगा तिला चूक कुणाची ते."

मी उतरलो आणि पँटच्या मागे खडूचं अर्धं वर्तुळ घेऊन आत गेलो.